वसंतराव नाईक : पुसदच्या कोर्टातून सचिवालयापर्यंत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी १ जुलै, म्हणजे वसंतराव नाईकांची जयंती आणि राज्याचा कृषी दिन, जवळ आला की त्यांच्याविषयी तेच ते प्रश्न पुन्हा विचारले जातात. विचारणाऱ्यांत कृषी दिनाचे भाषण लिहिणारे शिक्षक असतात, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले असतात आणि ‘नाईकसाहेब’ हे नाव आजोबांकडून ऐकलेली यवतमाळ-वाशीमकडची तरुण मंडळीही असतात. त्या प्रश्नांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. ‘हरितक्रांतीचे प्रणेते’ एवढ्या एका बिरुदात त्यांना गुंडाळून ठेवले जाते, ते मला पटत नाही. नाईक आधी तालुक्याच्या गावातले वकील होते. त्यांच्या कामातला जो भाग आजही टिकून आहे तो बहुतेक कायद्याच्या आणि संस्थांच्या रूपात आहे. म्हणून हे पान त्या अंगाने लिहिले आहे.

वसंतराव नाईक कोण होते, थोडक्यात सांगाल का?

वसंतराव फुलसिंग नाईक. जन्म १ जुलै १९१३, मृत्यू १८ ऑगस्ट १९७९. पुसदचे वकील, नगराध्यक्ष, आमदार, मंत्री आणि ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. सलग इतकी वर्षे हे पद दुसऱ्या कोणाकडेही राहिलेले नाही.

त्यांचे मूळ गाव कोणते? घराणे राजकारणी होते का?

गाव गहुली, तालुका पुसद, जिल्हा यवतमाळ. हा बंजारा समाजाचा तांडा. आजोबा चतुरसिंग यांनी तो वसवला. घराण्याचे मूळ आडनाव राठोड, पण तांड्याचे नायकपण घरात असल्याने पुढे नाईक हेच आडनाव रूढ झाले. वडील फुलसिंग शेतकरी होते आणि तांड्याचा कारभार पाहत. वसंतरावांचे घरातले नाव हाजूसिंग, थोरल्या भावाचे राजूसिंग.

आज ज्याला राजकीय घराणे म्हणतात तसे ते घर नव्हते. तरी तांड्यातले तंटे नायकाच्या पुढ्यात सुटत. दोन्ही बाजू बसवून ऐकायच्या, मग निवाडा द्यायचा, हा रिवाज त्या मुलाने काळा कोट घालण्याच्या कितीतरी आधी पाहिलेला होता. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत येतो. अशा समाजातला मुलगा राज्याच्या सर्वोच्च पदावर पोचला, ही गोष्ट त्या काळी काय असेल याचा अंदाज आज सहज येत नाही.

शिक्षण कुठे झाले?

प्राथमिक शिक्षण एका गावात झाले नाही. गहुलीत शाळा नव्हती, त्यामुळे आसपासच्या गावांतून ते तुकड्यातुकड्यांनी पुरे करावे लागले. पुढचे शिक्षण अमरावती आणि नागपूरला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी आणि १९४० मध्ये एलएल.बी.

वकिली खरेच केली, की नुसती पदवी घेतली?

केली. सुरुवात अमरावतीला, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली. पंजाबराव बॅरिस्टर होते, शिवाजी शिक्षण संस्थेचे संस्थापक होते आणि पुढे १९५२ पासून दहा वर्षे केंद्रात कृषिमंत्री झाले. वऱ्हाडातल्या बहुजन समाजाच्या मुलांसाठी त्यांचे ऑफिस म्हणजे वकिलीइतकीच सार्वजनिक कामाची शाळा होती. काही काळाने नाईकांनी पुसदला स्वतःची वकिली थाटली.

तालुक्याच्या कोर्टात येणारे काम बहुतांशी शेतीचेच असते. बांधाचा वाद, वाटणी, कुळाचा हक्क, सावकाराचे गहाणखत, सातबाऱ्यावरचे नाव. पक्षकाराला कायद्याची भाषा येत नाही आणि कोर्टाला त्याची भाषा कळत नाही. बंजारा पक्षकाराच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरे होते, कारण त्याच्या घरात बंजाऱ्यांची गोरबोली आणि कोर्टाच्या कागदावर मराठी-इंग्रजी. नाईक दोन्हीकडचे होते. पुढे महसूल खाते सांभाळताना ज्या सहजतेने ते जमिनीच्या कायद्यांवर बोलत, तिचे मूळ मला या वर्षांत दिसते.

त्यांच्या लग्नाची इतकी चर्चा का होते?

१९४१ साली त्यांनी वत्सलाबाई घाटे यांच्याशी विवाह केला. नागपूरचे ब्राह्मण कुटुंब आणि तांड्यातला मुलगा. विरोध दोन्हीकडून झाला. पण वत्सलाबाई पुसदला आल्या, तांड्यांमध्ये वावरल्या आणि स्त्रियांमध्ये काम करू लागल्या.

राजकारणात कसे आले?

पुसदमधूनच, पायरीपायरीने. तालुक्याच्या शेतकी मंडळाचे काम, वसतिगृहांचे काम, काँग्रेसचे काम आणि १९४६ मध्ये पुसदचे नगराध्यक्षपद. दिवाबत्ती, पाणी, गटार, बाजाराचा कर, ही कामे ज्याने केली आहेत त्याला शासनाचा आदेश गावात पोचेपर्यंत त्याचे काय होते ते नीट ठाऊक असते. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते पुसदमधून आमदार झाले.

मग ते आधी मध्य प्रदेशचे आमदार होते, हे खरे का?

खरे आहे, आणि परीक्षेत यावर हमखास चूक होते. १९५२ मध्ये विदर्भ जुन्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळात नाईक महसूल खात्याचे उपमंत्री होते. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा ते यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात गेले. तिथे आधी सहकार, मग कृषी. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाल्यावर महसूल. विधानसभेचा मतदारसंघ मात्र शेवटपर्यंत पुसद.

म्हणजे एकाच माणसाने तीन राज्यांच्या सरकारांत काम केले, आणि तेही आपले गाव न सोडता.

जिल्हा परिषदांशी त्यांचा संबंध काय?

माझ्या मते त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतले सर्वांत मोलाचे काम हेच, आणि ते मुख्यमंत्री होण्याआधीचे.

१९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीने देशासाठी पंचायत राज्याचा आराखडा दिला होता. त्यात मुख्य भार तालुका पातळीवरच्या पंचायत समितीवर होता. महाराष्ट्राने १९६० मध्ये आपली वेगळी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद महसूलमंत्री नाईकांकडे आले. १९६१ मध्ये अहवाल आला. नाईक समितीचे म्हणणे असे, की योजना आखायला, तांत्रिक माणसे ठेवायला आणि पैसा हाताळायला तालुका अपुरा पडतो, म्हणून सत्तेचा मुख्य दुवा जिल्हा असावा. दुसरी शिफारस अधिक धाडसाची होती. जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवायचे आणि परिषदेला स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी द्यायचा. इंग्रजांच्या काळापासून कलेक्टर म्हणजेच जिल्हा, असे समीकरण होते. निवडून आलेला अध्यक्ष आणि कलेक्टर एकाच टेबलाशी बसले तर बोलणार कोण आणि ऐकणार कोण, हे उघड होते. समितीने ते टेबलच वेगळे केले.

त्यावरून महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ झाला आणि १ मे १९६२ पासून परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा, दवाखाने, रस्ते, पशुवैद्यकीय सेवा, लहान पाटबंधारे असा कारभार त्यांच्याकडे आला. गावच्या पाटलाच्या किंवा शेतकऱ्याच्या मुलाला सभागृहात उठून अंदाजपत्रकावर बोलायची सवय इथे लागली. पुढे मोठे झालेले कित्येक नेते याच वाटेने आले. विलासराव देशमुख आणि आर. आर. पाटील हे दोघे कायद्याचे पदवीधर, आणि दोघांचीही सुरुवातीची तालीम जिल्हा परिषदेतली.

आज या परिषदांकडचे अधिकार आणि पैसा दोन्ही आटत गेले आहेत, आणि निवडणुका लांबल्या की त्या प्रशासकाच्या ताब्यात जातात. नाईक समितीचा अहवाल आमदारांनी पुन्हा काढून वाचावा असे मनापासून वाटते.

मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडे कसे आले?

चीनच्या आक्रमणानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्यांच्या जागी मारोतराव कन्नमवार आले, पण २४ नोव्हेंबर १९६३ ला पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. पी. के. सावंत यांनी थोडे दिवस काळजीवाहू म्हणून काम पाहिले आणि ५ डिसेंबरला नाईकांचा शपथविधी झाला. यशवंतरावांचा विश्वास हे मोठे कारण. विदर्भाचे असूनही ते वेगळ्या विदर्भाच्या बाजूचे नव्हते, कोणत्याही गटाला त्यांची भीती वाटत नव्हती, आणि आवाज चढवून बोलायची त्यांना सवय नव्हती. तोंडात पाईप आणि समोरच्याचे बोलणे संपेपर्यंत ऐकणे, असेच त्यांचे वर्णन होते. बरेच जण त्यांना तात्पुरते समजले. ते अकरा वर्षे राहिले.

‘स्वयंपूर्ण झालो नाही तर मला फाशी द्या’ असे ते खरेच म्हणाले होते का?

१९६५ मध्ये पुण्यात शनिवारवाड्यावरच्या सभेत, दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, अशा आशयाचे ते बोलले. त्यांच्याविषयी सांगताना हे वाक्य हमखास निघते.

ते का म्हणाले, हे त्या दिवसांकडे पाहिल्यावर कळते. अमेरिकेतून गहू यायचा, रेशनच्या दुकानापुढे रांगा असायच्या. महाराष्ट्रात कोरडवाहू जमीन जास्त, त्यामुळे पंजाबचे गव्हाचे गणित इथे चालणारे नव्हते. इथले धान्य ज्वारी. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण आले आणि नाईकांनी सारा जोर त्यावर लावला.

शेतकऱ्याला ते पटवणे सोपे नव्हते. हायब्रीडचे ताट बुटके, म्हणजे कडबा कमी. बैल काय खाणार? कणीस लवकर भरायचे आणि नेमके परतीच्या पावसात सापडून दाणा काळा पडायचा. भाकरीला चव नाही अशी बायकांची तक्रार. शिवाय घरचे बी चालत नाही, दरवर्षी विकत घ्यायचे, त्याला खत आणि फवारणी. या साऱ्या तक्रारी खऱ्या होत्या. नाईक स्वतः शेती करत, म्हणून शेतकऱ्यांशी शेतकऱ्याच्या भाषेत त्यांना बोलता आले. बियाणे, खत, कर्ज आणि विहीर यांची सांगड घालण्यासाठी त्यांनी खाती कामाला लावली. हायब्रीड ज्वारी मराठवाड्यात, खानदेशात आणि वऱ्हाडात घरोघरी पोचली.

दोन वर्षांत राज्य पुरते स्वयंपूर्ण झाले का? कायमचे नाही झाले. १९७२ ने ते दाखवून दिले. पण एका मुख्यमंत्र्याने धान्याचा प्रश्न स्वतःच्या मानेशी बांधून घेतला, त्यामुळे शेती खात्याला कधी नव्हे ते महत्त्व आले, हे कबूल करावे लागेल.

चारही कृषी विद्यापीठे त्यांनीच स्थापन केली का?

चारही त्यांच्याच काळातली. राहुरी १९६८, अकोला १९६९, परभणी आणि दापोली १९७२. मात्र अकोल्याचे विद्यापीठ सहज मिळालेले नाही. पहिले विद्यापीठ राहुरीला जाणार म्हटल्यावर विदर्भात मोठे आंदोलन झाले, गोळीबार झाला, माणसे गेली. स्वतः विदर्भाचा मुख्यमंत्री असताना हे घडले.

अकोल्याच्या विद्यापीठाला पंजाबराव देशमुखांचे नाव आहे. परभणीच्या विद्यापीठाला २०१३ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, वसंतराव नाईकांचे नाव दिले गेले. अमरावतीच्या एका वकिली ऑफिसातले सीनियर आणि ज्युनियर, दोघांच्या नावाने आज कृषी विद्यापीठ आहे.

१९७२ च्या दुष्काळात सरकारने नेमके काय केले?

त्याआधी दोन वर्षे पाऊस कमीच होता, १९७२ ला तो जवळजवळ फिरकलाच नाही. विहिरी कोरड्या, कडबा संपलेला, जनावरे बाजारात मातीमोलाने जात होती. नाईकांच्या सरकारने धान्य फुकट वाटण्यापेक्षा मोठ्या प्रमाणावर कामे काढायचे ठरवले. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. एवढ्यांची मजुरी दर आठवड्याला मोजायची, वाटायची आणि हिशेब ठेवायचा, हे कागदावर लिहायलाही जड आहे.

त्या कामांवर गेलेल्या बायांना विचारा, तपशील आजही पाठ आहेत. सकाळी मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव पुकारायचे. रस्त्याकडेला बसून खडी फोडायची, ढीग फूटपट्टीने मोजला जायचा. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. लेकरे झोळीत, नाहीतर झाडाखाली. दुपारी सुखडी यायची, तिचा अर्धा तुकडा पदराला बांधून घरच्या म्हाताऱ्यांसाठी न्यायचा. शनिवारी पगार, आणि त्यातून रेशनची लाल मिलो ज्वारी. तिची भाकर थापताना तुटायची.

नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ते, विहिरी अशी कामे झाली. सगळी चांगली नव्हती. कित्येक रस्त्यांची खडी तशीच पडून राहिली, मस्टरवर खोटी नावे लागली, मजुरी उशिरा मिळाली म्हणून मोर्चे निघाले. हाल झाले, स्थलांतर झाले. तरीही एवढ्या मोठ्या दुष्काळात भूकबळींचा तो जुना, भीषण इतिहास फिरून घडला नाही. अर्थशास्त्राचे अभ्यासक आजही हा दुष्काळ उदाहरण म्हणून घेतात.

रोजगार हमी योजना नाईकांची की वि. स. पागे यांची?

कल्पना पागे यांची. विधान परिषदेचे सभापती असलेल्या पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूर भागात तिचा प्रयोग केला होता. ती राज्याची योजना म्हणून स्वीकारली नाईकांच्या सरकारने. दोघांचे श्रेय एकमेकांतून वजा करण्याचे कारण नाही.

कायदा १९७७ चा, लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला, म्हणजे नाईक पदावरून गेल्यानंतर. काम मागितल्यावर १५ दिवसांत द्यायचे, नाही दिले तर बेकारी भत्ता द्यायचा. सरकारच्या मर्जीवरची मदत तिथे मजुराचा दावा झाली. नोकरदारांच्या पगारपत्रकात दरमहा व्यवसाय कर कापलेला दिसतो, तो १९७५ मध्ये याच योजनेच्या खर्चासाठी आणला गेला. २००५ मध्ये देशाने जो रोजगार हमी कायदा केला त्याचा उगम इथला आहे.

कापूस एकाधिकार योजना त्यांचीच ना? ती फसली का?

त्यांच्याच काळात, १९७२ पासून. व्यापारी आणि दलाल हंगामात भाव पाडत, म्हणून कापूस फक्त सरकारच घेणार आणि हमीभाव देणार अशी ही योजना होती. सुरुवातीला वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला तिचा आधार वाटला. पुढे राजकारणाने भाव ठरू लागले, चुकारे रखडले, बाहेर भाव जास्त असला की कापूस शेजारच्या राज्यात जाऊ लागला, तोटा साचला आणि ती गुंडाळली गेली. कल्पनेत शेतकऱ्याची कळकळ होती, राबवण्यात ती उरली नाही.

जमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा?

१९६१ चा, त्या वेळी महसूल खाते त्यांच्याकडे होते. साखर कारखान्यांच्या अतिरिक्त जमिनी त्याखाली आल्या आणि १९६३ मध्ये त्यासाठी राज्य शेती महामंडळ निघाले. भूमिहीनांच्या पदरात मात्र अपेक्षेपेक्षा फार कमी जमीन पडली.

शहरांसाठी काही केले का?

१९७० मध्ये सिडको हे शहर वसवणारे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि नवी मुंबईचे काम सुरू झाले. कोराडीचा वीज प्रकल्पही याच काळातला. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, त्यानंतरचे पुनर्वसनही त्यांच्याच सरकारकडे होते.

त्यांच्यावर कोणती टीका होते?

बरीच, आणि ती लपवू नये. मुंबईतल्या कम्युनिस्ट कामगार संघटना मोडण्यासाठी त्यांनी शिवसेनेला मोकळे रान दिले, हा सर्वांत मोठा आरोप. विरोधक तेव्हा ‘वसंतसेना’ म्हणत. नरिमन पॉइंटला समुद्र हटवून काढलेल्या भूखंडांच्या वाटपावरून वादळ उठले. महागाईविरुद्ध मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी बायकांचे लाटणे मोर्चे काढले. दलितांवरच्या अत्याचारांच्या संतापातून १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली आणि जानेवारी १९७४ मध्ये वरळीत दंगल झाली. विमुक्त समाजातून आलेल्या मुख्यमंत्र्याच्या राज्यात दलितांना न्यायासाठी रस्त्यावर उतरावे लागले, ही मला त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत दुखरी बाब वाटते. विदर्भ-मराठवाड्याचा विकासाचा अनुशेष वाढतच गेला, हेही खरेच.

पद का गेले?

निवडणूक हरून नाही. १९६७ ला काँग्रेसला २७० पैकी २०३ जागा मिळाल्या होत्या, १९७२ ला २२२. पण दिल्लीत इंदिरा गांधींना राज्यांत स्वतःचा पाया असलेले मुख्यमंत्री नको होते, आणि राज्यातही नाराजी साचली होती. फेब्रुवारी १९७५ मध्ये नाईक पायउतार झाले आणि शंकरराव चव्हाण आले. १९७७ मध्ये काँग्रेसविरोधी लाट असतानाही ते वाशीममधून लोकसभेवर निवडून गेले. दोन वर्षांनी सिंगापूरला असताना त्यांचे निधन झाले.

वकील असलेले आणखी कोणते मुख्यमंत्री झाले?

यशवंतराव चव्हाणांनी कराडला वकिली केली. अ. र. अंतुले आणि बाबासाहेब भोसले बॅरिस्टर होते. शंकरराव चव्हाण, विलासराव देशमुख आणि देवेंद्र फडणवीस हे कायद्याचे पदवीधर. एका कार्यकाळाची पूर्ण पाच वर्षे मुख्यमंत्री राहण्याचा मान नाईकांनंतर फडणवीसांनाच, २०१४ ते २०१९ मध्ये, मिळाला.

वसंतराव नाईक, वसंतदादा पाटील आणि सुधाकरराव नाईक यांत गोंधळ होतो. फरक काय?

वसंतदादा सांगलीचे, सहकारी साखर कारखानदारीतले नेते, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग फोडून निसटलेले. ते १९७७ मध्ये पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले. सुधाकरराव हे वसंतरावांचे पुतणे, थोरल्या भावाचे, राजूसिंगांचे चिरंजीव. तेही पुसदचेच. १९९१ ते १९९३ मध्ये मुख्यमंत्री होते आणि जलसंधारणाच्या कामासाठी ओळखले जातात. उत्तरपत्रिकेत ‘कृषी दिन’ आणि ‘नाईक समिती’ या दोन्हींपुढे वसंतरावांचे नाव लिहायचे, ‘जलसंधारण’ आले तर सुधाकररावांचे.